मराठी शब्दतपासणीचा प्रकल्प: आमचं किती, दुसऱ्यांचं किती

मराठीत मूळ शब्द जसाच्या तसा वाक्यात येतो तरी किती वेळा? ‘वकील’ यादीत असतो, पण लिहिणारा लिहितो ‘वकिलांना’, ‘वकिलासमोरच्या’, ‘वकिलांकडूनच’. शब्दतपासणीच्या प्रोग्रामला नुसती मूळ शब्दांची यादी दिली की या साऱ्यांखाली लाल रेघ उमटते आणि चार दिवसांत वैतागून माणूस ती सोयच बंद करून टाकतो. एका दिवाळी अंकाच्या कामात आम्हाला हा त्रास नको इतका झाला. लेखक बारा गावचे, मजकूर फोनवर टाइप केलेला, मुद्रितशोधक एकच आणि तेही सत्तरी ओलांडलेले. सगळा अंक लालेलाल. खरी चूक त्या गर्दीत शोधायची कुठे?

अशा वेळी प्रोग्रामर माणसाला पहिली हुक्की येते ती गिटवर, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीवर, नवी रेपो (प्रकल्पाचं कोठार) उघडण्याची. नाव काय ठेवायचं, लोगो कसा हवा, इथपासून सुरुवात. मी ठरवून थांबले. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठीसाठी उत्साहाने सुरू झालेल्या आणि मग तशाच पडून राहिलेल्या रेपो काही कमी नाहीत. रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल, सुरेख लिहिलेली असते, शेवटची कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, मात्र जुनीपुराणी. त्यांत आणखी एकीची भर घालण्याआधी कुणाकडे काय तयार आहे ते पाहायचं होतं.

बरंच काही होतं. ग्नू ॲस्पेल या शब्दतपासनिसासाठी केलेली मराठी यादी फार पूर्वीपासून आहे. हनस्पेल तर आहेच. लिबरऑफिस हा कचेरीकामाचा संच आणि फायरफॉक्स हा ब्राउझर, दोन्हींच्या पोटात शब्द तपासायला तेच असतं. ते लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी लिहिलं, आणि हंगेरियनमध्येही शब्दाला मागून प्रत्यय चिकटत जातात, त्यामुळे मराठीचं दुखणं त्याला अगदीच परकं नाही. ॲपर्टियमवाल्यांकडे यांत्रिक भाषांतरासाठी मराठीची रूपं उलगडणारं काम होतं. मराठी विकिपीडियाचा सगळा मजकूर एका फाइलीत उतरवून घेता येतो. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे आणि शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर आणून ठेवला आहे.

मग नव्हतं काय? कुठला शब्द कोणत्या तऱ्हेने चालतो, हे सांगणारी, कुणालाही वापरता येईल अशी साधी सारणी नव्हती. शब्द, लिंग, सामान्यरूपाचा (प्रत्यय लागण्याआधी होणाऱ्या रूपाचा) प्रकार, तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) आहे की नाही, आणि ही माहिती कुठून आली. पाच रकाने. आमचा प्रकल्प म्हणजे एवढंच, असं मी पहिल्या दिवशी रीडमीत लिहून टाकलं. बाकी जे काही लागेल ते ज्याच्या त्याच्या दारात नेऊन द्यायचं. हा निर्णय लिहायला सोपा होता. तो पाळताना काय काय करावं लागलं, त्याचीच ही हकीकत.

आधी हनस्पेल कसं चालतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याला दोन फाइली लागतात. एकीत शब्द आणि प्रत्येक शब्दापुढे काही खुणा. दुसरीत त्या खुणांचे अर्थ: शब्दाच्या शेवटचं काय काढायचं, काय जोडायचं, आणि कोणत्या अटीवर. ‘घोडा’ घ्या. शेवटचा काना काढा, ‘्या’ लावा, ‘घोड्या’ झालं. हे सामान्यरूप एकटं वापरायचं नाही अशी खूण करता येते, म्हणजे त्याला ‘ला’, ‘ने’, ‘चा’ लागल्याशिवाय तपासनीस ते मान्य करत नाही. इथवर छान. पण हनस्पेल मागून लागलेले प्रत्यय दोनच पातळ्यांपर्यंत सोलतं. मराठी माणूस सहज ‘घोड्यासमोरच्यालाही’ म्हणतो, त्यात पाच थर आहेत. म्हणून ‘समोरच्यालाही’ हा सगळा डबा एकच प्रत्यय म्हणून आधीच तयार करून ठेवावा लागतो. शब्दयोगी अव्ययं गुणिले ‘चा’ची रूपं गुणिले विभक्ती गुणिले ‘च’ आणि ‘ही’. हाताने कोण लिहिणार? पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली, तिने ती फाइल ओकली.

दुसरी अडचण आतल्या अक्षराची. ‘वकील’चं ‘वकिला’ होताना बदलतो तो शेवटून दुसऱ्या अक्षरावरचा स्वर. हनस्पेलला ‘उपान्त्य दीर्घ असेल तर ऱ्हस्व कर’ असं सांगायची सोय नाही. ‘ील’ काढ आणि ‘िला’ लाव, असं सांगावं लागतं. म्हणजे ल साठी एक ओळ, क साठी एक, त साठी एक, अशी सगळी व्यंजनं. मग तेच ऊकारासाठी, ‘फूल’चं ‘फुला’. हेही स्क्रिप्टच्या गळ्यात मारलं.

स्क्रिप्टच्या गळ्यात जे मारता आलं नाही ते तत्समचं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये आलेले आणखी चार, हे लेखन करणाऱ्यांना माहीत असतात. त्यांत सामान्यरूप होताना उपान्त्य ई-ऊ ऱ्हस्व करायला सांगितलं आहे, पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडून. गरीब, गरिबाला; पण शरीर, शरीराला. आता यंत्राला ‘गरीब’ अरबीतून आला आणि ‘शरीर’ संस्कृतातून, हे कसं कळावं?

इथे आमचे मुद्रितशोधक काका उपयोगी पडले. ते साताऱ्याला असतात, गिट म्हणजे काय त्यांना माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची त्यांची इच्छाही नव्हती. मी शब्दांची यादी ठळक टाइपात छापून कुरियरने पाठवायची, ते लाल पेनाने ‘त’ लिहून परत पाठवायचे. पहिल्याच गठ्ठ्यात ‘पीठ’ या शब्दापाशी त्यांनी समासात लिहिलं होतं: ‘कोणते?’ मला वाटलं, काकांना अक्षर लागलं नाही. फोन केला.

“अहो ताई, चक्कीवरचं पीठ की उच्च न्यायालयाचं?”

गव्हाच्या पिठात पाणी घालतात, पण निकाल लागतो तो खंडपीठात. एकच ‘पीठ’, दोन चाली. ‘सूत’चंही तेच: चरख्यावरचं सुताचं, महाभारतातलं सूताचं. त्या फोननंतर सारणीत एकच शब्द दोनदा येऊ शकतो अशी सोय केली आणि शब्दाऐवजी प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक दिला. काकांच्या त्या ‘कोणते?’मुळे आमच्या आराखड्यात जो बदल झाला, तो कुठल्याही प्रोग्रामरने सुचवला नसता. त्यांचं नाव योगदानकर्त्यांच्या फाइलीत पहिलं आहे. कमिट मात्र एकही नाही, त्यामुळे वेबवरच्या आलेखात ते दिसत नाहीत. आलेखांवरून माणसाचं काम मोजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

काम थोडं उघड झाल्यावर नागपूरकडून एका महाविद्यालयातल्या गटाचं पत्र आलं. विद्यार्थी आणि त्यांचे एक सर. त्यांची वाट वेगळी होती: ते शब्दाची फोड करणारं इंजिन लिहीत होते, ज्यात थरांची मर्यादा नसते. ‘घोड्यासमोरच्यालाही’ दिलं की ते एकेक कडी सुटी करून दाखवायचं. त्यांचं म्हणणं, हनस्पेल जुनं झालं, तुम्ही तुमचं काम थांबवा आणि आमच्यात या. आमच्यातल्या एकाचं म्हणणं बरोबर उलटं: लोकांच्या संगणकावर आज हनस्पेल आहे, तुमचं इंजिन कुणाच्या संगणकावर आहे?

दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच भांडण लांबलं. व्हिडिओवरची पहिली बैठक नुसती आपापलं दाखवण्यात गेली. दुसऱ्या बैठकीत मी त्यांच्या फाइली उघडून बसले होते आणि त्यांनी आमच्या. तेव्हा दिसलं की दोघांनीही ‘वकील’ शब्द कोणत्या चालीचा हे आपापल्या जागी, आपापल्या भाषेत लिहून ठेवलंय. इंजिनं वेगळी, पण खालचा शब्दांचा संग्रह तोच. दोघांनी तेच दळण दोन जात्यांवर घातलं होतं.

मग ठरलं की सारणी आमच्या रेपोतूनही बाहेर काढायची. तिची स्वतंत्र रेपो. तिच्यात कोड एक ओळही नको, फक्त नोंदी आणि त्या तपासणारी चाचणी. हनस्पेलच्या फाइली बनवणारी स्क्रिप्ट आमच्याकडे, फोड करणारं इंजिन त्यांच्याकडे, आणि दोघंही सारणीचे गिऱ्हाईक. तिथे आलेले बदल विलीन करण्याचा अधिकार दोन्ही बाजूंच्या एकेकाला. शिवाय त्यांच्यातली एक मुलगी आमच्या रेपोत बदल तपासणारी परीक्षक झाली आणि मी त्यांच्या. ही अदलाबदल मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बैठकींत ठरलेल्या गोष्टी विसरल्या जातात; दुसऱ्याच्या कोडवर रोज नजर असली की तिकडे काय शिजतंय ते आधीच कळतं.

चालींना नावं काय द्यायची यावर मात्र पुष्कळ वेळ गेला. सरांना व्याकरणाच्या पुस्तकातली परिभाषा हवी होती, आम्हाला क्रमांक. शेवटी नमुना शब्दच नाव म्हणून ठेवला: ‘घोडा’ चाल, ‘वकील’ चाल, ‘माळी’ चाल. जो मराठी बोलतो त्याला समजावून सांगावं लागत नाही. नवीन येणाऱ्याला विचारायचं, तुमचा शब्द ‘माळ्याला’सारखा चालतो की ‘कवीला’सारखा? तो क्षणात सांगतो.

परवान्याबद्दल लोकांना कंटाळा येतो, मलाही येतो, पण दुसऱ्या टीमशी पहिली गाठ तिथेच पडते. आपल्या शब्दांची यादी कुणी आपल्या सॉफ्टवेअरसोबत वाटणार असेल, तर ते आधी विचारतात की ती आली कुठून. मराठी विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, तसंच वाटा’ परवान्याखाली आहे. जून २०२३ पासून त्याची ४.० आवृत्ती लागू आहे. तो मजकूर आम्ही शब्द किती वेळा येतात हे मोजण्यापुरता वापरायचं ठरवलं. जास्त वेळा येणारे शब्द आधी हाताळायचे, एवढाच उपयोग. मोल्सवर्थ हक्कांच्या दृष्टीने मोकळा आहे, पण त्यातलं लेखन ‘कांहीं’, ‘नांव’ असं, १९६२ च्या आधीचं. सरळ उचलून चालत नाही.

आणि मग एक दिवस एका उत्साही मुलाने भलीमोठी यादी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, म्हणून पाठवली. सुबक, अकारविल्हे लावलेली, लिंगासकट. अशी यादी हातात येणं म्हणजे आमचं निम्मं काम फत्ते. विचारलं, कुठून आणलीस? म्हणाला, एका छापील कोशाच्या ॲपमधून काढली. नाही घेतली. तो रागावला, कारण त्याने रात्री जागून ती साफ केली होती. त्याला समजावताना लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याचा, दाखला दिला. तिथे २००४ पासून प्रत्येक पॅचखाली, म्हणजे सुचवलेल्या बदलाखाली, पाठवणारा सही करून सांगतो की हे देण्याचा हक्क मला आहे. तीच पद्धत आम्ही सारणीला लावली; ‘ही माहिती कुठून आली’ हा पाचवा रकाना त्याचसाठी. मुलगा थोड्या दिवसांनी परत आला, या वेळी आपल्या आजीने सांगितलेली शेतीतली अवजारं घेऊन: कुळव, पाभर, तिफण, रूमणं. स्रोताच्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘आजी, तोंडी’. ते तसंच ठेवलंय.

आता पाऱ्यासारख्या हातातून निसटणाऱ्या ‘ऱ्य’बद्दल. या एका जोडाक्षराने आम्हाला सगळ्यांत जास्त माणसं भेटवली.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दातला आडवा रफार युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ०९३१ या क्रमांकाचा ‘ऱ’ घ्यायचा आणि त्याला हलन्त (पाय मोडण्याची खूण). दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. काही कीबोर्ड एक देतात, काही दुसरा. याखेरीज ‘ऱ’ची फोड करून र आणि खालचा नुक्ता असंही काही प्रणाली साठवतात, युनिकोडच्या लेखी ते ‘ऱ’शी समानच आहे. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी तीन निराळे शब्द. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘कोपऱ्यात’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’. मराठीचं पान यांच्याशिवाय भरत नाही.

हनस्पेलपुरता उपाय सोपा होता. आत येणाऱ्या अक्षरांची अदलाबदल करण्यासाठी त्यात आयकॉन्व्ह नावाची सोय आहे. तीत दोन ओळी लिहिल्या की तिन्ही रूपं एका रूपात आणून मग शब्द शोधला जातो. पण एका संपादक प्रोग्राममध्ये तरीही ‘दऱ्या’खाली अर्धीच रेघ येत होती. खोदून पाहिलं तर दोष आमच्या फाइलींत नव्हता आणि हनस्पेलमध्येही नव्हता. मजकुराचे शब्द सुटे करून हनस्पेलकडे पाठवणारा त्या प्रोग्रामचा स्वतःचा कोड होता, आणि न दिसणारा जॉइनर आला की तो शब्द संपला असं धरून चालत होता. हनस्पेलपर्यंत ‘दर्’ आणि ‘या’ असे दोन तुकडे पोचायचे.

आमच्या गटातल्या एकाने तासाभरात तोड काढली: ‘दर्’, ‘दुसर्’, ‘वार्’ असे सगळे तुकडे शब्द म्हणून यादीत टाकून द्या, रेघ जाईल. जाईल हे खरं. मात्र मग कुणी चुकून ‘दुसर्’ लिहून थांबला तर तेही बरोबर ठरेल, आणि तो कचरा आमच्या सारणीतून नागपूरच्या इंजिनात, तिथून आणखी कुठे कुठे जाईल. रीडमीत लिहिलेल्या वाक्याची परीक्षा इथे होती. दोष ज्यांच्या कोडमध्ये, त्यांच्याकडेच जायचं.

गेलो. त्यांच्याकडची पहिली तक्रारीची नोंद मी अगदी मन लावून लिहिली: मराठीचा परिचय, आडव्या रफाराचं महत्त्व, पडद्याची दोन चित्रं. उत्तर आलं, सभ्य आणि थंड: दोन्ही चित्रं सारखीच दिसतात, नेमकं काय चुकतंय? बरोबरच होतं. समोरच्याला देवनागरी वाचता येत नव्हती. आणि वाचता आली असती तरी चित्रात फरक दिसणार नव्हताच, कारण तो दिसतच नाही हाच प्रश्न होता. मग दुसरी नोंद लिहिली, तीत देवनागरी एकही अक्षर नाही. चार संकेतांकांची एक ओळ, त्यांच्या कोडने दिलेले तुकडे, अपेक्षित तुकडा, आणि युनिकोडच्या शब्दसीमांवरच्या परिशिष्ट २९ मधला नियम, ज्यात जॉइनरपाशी शब्द तोडू नये असं स्पष्ट आहे. सोबत त्यांच्याच चाचण्यांच्या साच्यात लिहिलेली, आज नापास होणारी एक चाचणी. परीक्षकाला मराठी शिकायची गरज उरली नाही. चाचणी पास झाली पाहिजे एवढंच त्याच्यापुढे राहिलं.

तरी तो धजेना. हा कोड सगळ्या भाषांना लागू होता. एका भाषेसाठी बदलला आणि दुसरीकडे मोडला तर? शंका रास्त होती. तेव्हा आम्ही शेजार शोधायला निघालो. नेपाळीत ‘गर्‍यो’, म्हणजे ‘केलं’, हे रोजचं क्रियापद याच जॉइनरने लिहितात. सिंहलीत ‘श्री’ लिहायला तोच लागतो. फारसीत त्याचा भाऊ, झिरो विड्थ नॉन-जॉइनर, एकाच शब्दातले दोन भाग जवळ पण सुटे ठेवायला पावलोपावली येतो. या भाषांच्या टीमांना आम्ही एकेक पत्र लिहिलं: तुमच्याकडे हा त्रास आहे का, असेल तर तुमचं एकेक उदाहरण त्या नोंदीत टाकाल का? नेपाळीवाल्यांनी ताबडतोब टाकलं. फारसी लिहिणारे एक गृहस्थ तर जुने खेळाडू निघाले. त्यांनी चाचण्यांची अख्खी फाइलच जोडली आणि वर आमच्या पॅचमधली एक जागा दाखवली जिथे ओळीच्या सुरुवातीला जॉइनर आला तर गडबड झाली असती. पॅच सुधारून पुन्हा दिला. या वेळी त्यावर वेगवेगळ्या भाषांच्या चाचण्या होत्या आणि परीक्षकाची भीती आपोआप सरली.

मराठीसाठी म्हणून जे मागितलं असतं ते ‘पुढे पाहू’ या खणात पडून राहिलं असतं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे ‘दहा कोटी मराठी भाषक’ असं सुरुवातीलाच लिहायची सवय आहे. त्याने परीक्षकाचं काम कणभरही हलकं होत नाही. चाचणीने होतं.

पॅच घेतला गेला तरी तो लगेच लोकांच्या संगणकावर येत नाही, हे नव्या मुलांना पटवणं कठीण जातं. प्रत्येक टीमचं पंचांग वेगळं. लिबरऑफिसच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास. फेडोरा हे लिनक्सचं वितरणही साधारण सहा महिन्यांनी. डेबियन या दुसऱ्या वितरणाची चाल संथ: बारावी आवृत्ती जून २०२३ ला आली, तेरावी ऑगस्ट २०२५ ला, आणि त्याआधी काही महिने नवं काही आत घेणं टप्प्याटप्प्याने बंद होत जातं. तेराव्या आवृत्तीत बसायचंच म्हणून घाई करावी असा आग्रह आमच्यात एकदोघांनी धरला होता. मी विरोधात होते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत चुकीचा शब्द गेला तर तो पुढची आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे दोनेक वर्षं, शाळा-कचेऱ्यांतल्या संगणकांवर बरोबर म्हणून मिरवत राहतो.

अशा वितरणांसाठी पॅकेज करणाऱ्यांशी बोलताना आणखी एक गोष्ट निघाली. आम्ही तयार फाइली देत होतो, स्क्रिप्टने ओकलेल्या. त्यांनी विचारलं, याचं मूळ कुठे आहे? त्यांच्या दृष्टीने माणूस ज्या रूपात बदल करतो ते रूप म्हणजे सोर्स. हजारो ओळींची जी फाइल कुणी हाताने कधीच उघडत नाही, तो सोर्स नव्हे. सारणी आणि स्क्रिप्ट द्या, त्यांतून फाइली आमच्याकडे तयार होऊ देत. वरवर ही कटकट वाटते. पण त्यामुळे आम्हाला स्क्रिप्ट दुसऱ्याच्या यंत्रावर, इंटरनेटशिवाय, चालेल अशी करावी लागली. तोवर ती फक्त माझ्या लॅपटॉपवर चालत होती आणि माझा लॅपटॉप गेला असता तर प्रकल्पही गेला असता.

घरातला वाद शेवटी सांगते, कारण तो अजून मिटलेला नाही. ‘केलं’, ‘घरं’, ‘करायचं’ ही बोलीतली अनुस्वाराची रूपं बरोबर धरायची का? काकांचं मत, संवादात आणि ललित लेखनात ठीक, पण तपासनिसाने ‘केले’ सुचवलं पाहिजे. नागपूरच्या मुलांचं मत, आम्ही सगळे असंच लिहितो आणि ते चूक ठरवणारं साधन आम्ही वापरणार नाही. त्यांनी जाताजाता हेही विचारलं की वऱ्हाडीतले शब्द सारणीत कधी येणार. सध्या दोन्ही रूपं मान्य आहेत आणि सारणीत एक सहावा रकाना आला आहे, लेखनाचा बाज सांगणारा. वर्तमानपत्राला फक्त प्रमाण रूपं हवी असतील तर स्क्रिप्टला तसं सांगून वेगळी फाइल काढता येते. काकांना हे पसंत नाही. “रकाना घातलात म्हणजे निकाल लांबणीवर टाकलात,” म्हणाले. आहे खरं तसं.

नामांचं काम बरंच उरकलं आहे. क्रियापदांना आता कुठे हात घातलाय, आणि तिथे नागपूरचं इंजिन आमच्या पुष्कळ पुढे आहे, त्यामुळे या वेळी चालींची यादी त्यांनी करायची आणि आम्ही तिच्यावरून फाइली काढायच्या असं ठरलंय. ‘जाणे’, ‘येणे’, ‘होणे’ यांसारखी आडमुठी क्रियापदं वेगळ्या फाइलीत हातानेच लिहितोय. काकांकडे पुढचा गठ्ठा गेला आहे. त्यात ‘तत्सम’चा प्रश्न नाही, तरी त्यांनी लाल पेनाने काहीतरी लिहून पाठवलं असणारच.